सूचिपर्णी वृक्ष, खुजे (वाशीम जिल्हा)

सूचिपर्णी वृक्ष, खुजे : बीजे फळाच्या आत न झाकता बहुधा काष्ठमय शंकूच्या खवल्यांवर उघडी धारण करणाऱ्या, सुईसारख्या अथवा खवल्यासारख्या पानांच्या वृक्षांपैकी जे वाण उपजतच मंद गतीने वाढतात आणि पुष्कळ वर्षांनंतरही माणसाच्या उंचीच्या आसपासच राहतात, त्यांचा हा वर्ग होय. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गीकरणात वर्षाकाठी १ ते ६ इंच वाढणारा वाण खुजा आणि त्याहूनही कमी वाढणारा अतिखुजा मानला जातो. मुळे कोंडून व फांद्या छाटून लहान ठेवलेले झाड, म्हणजे जपानी परंपरेतील बोन्साय, या वर्गात मोडत नाही; कारण तेथे लहानपण माळ्याच्या हातचे असते आणि येथे ते झाडाच्या प्रकृतीतच असते. हा भेद ध्यानात न आल्यामुळे रोपवाटिकेतील हातभर उंचीचे सामान्य रोप खुजे समजून अंगणात लावले जाते आणि काही वर्षांत ते छपराच्या वर जाते.

काही खुजे वाण पेरणीतील असंख्य रोपांतून एखादेच मंद वाढीचे निघाल्याने हाती लागले, तर काही मोठ्या झाडाच्या फांदीवर अंकुरांची जी दाट गुंतवळ माजते तिच्यातून कलमे घेऊन वाढविण्यात आले. १९०४ मध्ये कॅनडातील अल्बर्टा येथे लॅगनजवळ आर्नल्ड वृक्षोद्यानाचे आल्फ्रेड रेडर व जॉन जॅक यांना श्वेत स्प्रूसचा जो घट्ट शंकूच्या घडणीचा खुजा प्रकार आढळला, तो आज देशोदेशींच्या कुंड्यांतून दिसतो. आणि १९२३ मध्ये मरे हॉर्निब्रुक यांनी या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु ही सारी परंपरा थंड मुलखाची आहे. स्प्रूस, फर यांसारख्या वृक्षांना हिवाळ्यात दीर्घ विश्रांती लागते, आणि उष्ण रात्रींत त्यांचे साठविलेले अन्न श्वसनातच खर्ची पडते. तेव्हा चित्रे पाहून असे रोप वऱ्हाडात मागविणाऱ्या हौशी माणसाचा पैसा व उमेद दोन्ही वाया जातात, हे प्रारंभीच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. प्राचीन वत्सगुल्म म्हणून प्रसिद्ध असलेले वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. पण या उंचीने उन्हाळा सौम्य होत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणे हा नित्याचाच प्रकार आहे. महाराष्ट्राच्या रानांत आज कोणताही सूचिपर्णी वृक्ष निसर्गतः उगवत नाही. हिमालयातील विपुल जाती सोडल्या, तर दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वनांत आढळणारा नागेया वॉलिचियाना हाच काय तो या गणाचा मूळचा रहिवासी. भूतकाळ मात्र निराळा होता. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात सापडलेल्या शंकूंच्या जीवाश्मांचे वर्णन बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून असे दिसते की, ज्या लाव्हाच्या अपक्षयातून पुढे वऱ्हाडची काळी माती निर्माण झाली तो लाव्हा वाहत होता त्याच युगात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, विदर्भाच्या भूमीवर शंकुधारी वृक्ष उभे होते. वाशीमच्या अंगणातील कुंडीत लावलेले रोप या अर्थाने सर्वथा परके नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

या जिल्ह्याच्या हवेत भरवशाने टिकणारा सूचिपर्णी म्हणजे मोरपंखी. विद्या वाढावी म्हणून शाळकरी मुले ज्याची चपटी डहाळी पुस्तकात जपून ठेवीत आली, ते हेच झाड. त्याचे मूळस्थान चीन, कोरिया व रशियाचा अतिपूर्व भाग हे असून लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याला थुजा वंशात घातले होते; पुढे त्याच्या उभ्या पातळीत पसरणाऱ्या डहाळ्या, पंखहीन बीजे आणि शंकूच्या खवल्यांवरील आकडीदार शिंगे ही लक्षणे विचारात घेऊन त्याचा वंश स्वतंत्र मानण्यात आला, आणि १९४९ मध्ये फ्रांको या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस हे आजचे रूढ नाव दिले. मूळ जातीचा वृक्ष १५ मीटरांच्याही वर जातो. लहान बागेस योग्य तो त्याचा ‘ऑरिया नाना’ हा वाण, जो अंडाकृती, दाट, पिवळसर सोनेरी असून सहसा दीड-दोन मीटरांवर जात नाही. हिवाळ्यात त्याच्या रंगावर तांबूस झाक येते; तो रोग नव्हे.

मोरपंखीच्या खालोखाल चिनी ज्युनिपर व त्याच्या निकटचा, जमिनीसरपट पसरणारा ‘प्रोकंबेन्स नाना’ यांचा क्रम लागतो. त्यांना मोरपंखीपेक्षा दुपारची सावली अधिक लागते. नाताळात विकला जाणारा अरौकेरिया कुंडीत लहान दिसतो, परंतु तो खुजा नव्हे, बालवयातला प्रचंड वृक्ष आहे, आणि त्याच्या बाजूच्या फांदीची छाट लावली तर ती जन्मभर आडवीच वाढते. सुरू या वृक्षाचा तर या गणाशी संबंधच नाही. त्याच्या सुईसारख्या डहाळ्या व शंकूसारखी फळे पाहून भ्रम होतो इतकेच, एरवी तो सपुष्प वृक्ष आहे.

उन्हाची धास्ती सर्वांनाच असते. तथापि या जिल्ह्यात खुजी सूचिपर्णी झाडे उन्हाने जितकी मरतात त्याहून अधिक मुळांशी साचलेल्या पाण्याने मरतात, असे प्रस्तुत लेखकाचे निश्चित मत आहे. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, आणि आषाढ-श्रावणाच्या झडीत फायटॉप्थोरासारखे मूळकूज घडविणारे सूक्ष्मजीव गुदमरलेल्या मुळांवर सहज ताबा मिळवितात. तीच माती चैत्रात आकसून भेगाळते व बारीक मुळे तोडते. शिवाय तिच्यात चुन्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे लोह झाडास मिळत नाही व नवी पालवी फिकट पिवळी पडते. म्हणून कुंडीत शेतातील काळी माती भरू नये. लाल अथवा पोयट्याची माती दोन भाग, चाळलेला बारीक मुरूम किंवा जाड वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, त्यात मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण पुरेसे आहे. खताची अधिक उदारता मंद वाढीच्या झाडाला मानवत नाही. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देण्याचा जुना शिरस्ता मात्र सोडून द्यावा. बारीक मातीतील पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, ते सीमेवर अडून राहते, आणि चिखलाचा थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एक खापरी ठेवून कुंडी दोन विटांवर उचलली की काम भागते. जमिनीतच लावावयाचे असेल, तर खड्डा खणून त्यात मुरूम भरणे म्हणजे भोवतालच्या काळ्या मातीचे पाणी साठविण्याची सोय करणे होय. त्याऐवजी जमिनीवर सुमारे एक फूट उंच मुरुमाड मातीचा ओटा घालून त्यावर रोप बसवावे.

उन्हाळ्यात धोका पानांना नसून कुंडीच्या पश्चिमेकडील भिंतीला चिकटलेल्या मुळांना असतो, कारण स्लॅबवर ठेवलेली कुंडी दुपारी भाजून निघते. सकाळचे ऊन अकरापर्यंत मिळावे व नंतर निदान कुंडीवर तरी सावली असावी, अशी जागा निवडावी; ती नसेल तर मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधली पोकळी वाळूने भरावी आणि वर निम्मे ऊन अडविणारी शेडनेट बांधावी. पाणी पहाटे, तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत द्यावे. पुढचे पाणी वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच. इतर झाडे पाने लोंबवून तहान कळवितात, पण सूचिपर्णीची पाने ताठ असल्याने मुळे मेल्यानंतरही ती कित्येक आठवडे हिरवी दिसतात, आणि तपकिरी रंग दिसतो तेव्हा उपायाची वेळ टळलेली असते. कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर क्षारांचा पांढरा थर येतो. पावसाळ्याच्या आरंभी कुंड्या उघड्यावर ठेवून तो धुऊन जाऊ द्यावा. टंचाईच्या सालाचा विचार करून मे महिन्यात जितक्यांना पाणी पुरविता येईल तितक्याच कुंड्या बाळगाव्यात, हा नियम या जिल्ह्यात कोणत्याही शोभेच्या हौसेपेक्षा वरचढ मानावा.

छाटणी हलकी व हिरव्या भागापुरतीच करावी. या झाडांच्या जुन्या, पाने झडलेल्या लाकडात सुप्त अंकुर बहुधा नसतात, त्यामुळे तेथपर्यंत कापलेली फांदी पुन्हा फुटत नाही व पडलेले भगदाड कायम राहते. मोरपंखीच्या गाभ्यातील वाळलेली पाने हाताने झाडून काढावीत, म्हणजे आत हवा खेळते. कोरड्या हवेत लाल कोळी पडतो. डहाळी पांढऱ्या कागदावर झटकल्यास चालणारे बारीक ठिपके दिसतात. पाण्याचा जोरदार फवारा आठवड्यातून दोनदा मारणे हा त्यावर पहिला उपाय. कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, पहिला चांगला पाऊस होऊन हवा निवल्यावर बदलावी.

खुज्या वाणाचे बी पेरल्यास रोपे बहुधा मूळ जातीवर जातात, आणि जुन्या वाड्यांच्या आवारात दिसणारी उंच मोरपंखी अशाच बियांची असावी. वाण शुद्ध राखावयाचा तर पावसाळ्यात अर्धपक्व डहाळी जुन्या लाकडाच्या टाचेसह ओढून काढावी, मुळे फुटण्याच्या संप्रेरकात बुडवून वाळूत लावावी आणि धीर धरावा. मुळे फुटावयास काही महिने लागतात. कलमी झाडावरही कधी कधी मूळ जातीचा जोमदार, सरळ फाटा निघतो. तो दिसताच बुडाशी कापावा. दोन पावसाळे राहू दिला, तर मुळांचा सारा पुरवठा तोच ओढून घेतो आणि खुजा भाग त्याच्या सावलीत विरळ होऊन सुकतो.