एका फुटाला एक इंच

मे महिन्यातली दुपार. खिडकीला ओला पंचा टांगलाय, घरातले सगळे आडवे झालेत, आणि गॅलरीतल्या टेबलावर माझी चूल वाळत पडली आहे. चूल म्हणजे अगदी खरीखुरी, शाडूची, शेजारी वैल असलेली. फक्त तिची लांबी पावणेदोन इंच आहे.

ही तिसरी चूल. पहिल्या दोन तडकल्या. शेवटी नाशिकला मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, उन्हात ठेवलीस ना? चूल कधी उन्हात वाळवतात का? सावलीत ठेव, वर ओलं फडकं टाक. आणि मातीत थोडं तूस घाल." तूस आमच्या सोसायटीत कुठून आणणार! लाकडाचा बारीक भुसा घातला. तिसरी चूल टिकली. म्हणजे खऱ्या चुलीचे नियम पावणेदोन इंचांच्या चुलीलाही लागू होतात तर.

ज्यांना माझा हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेली आठ-नऊ वर्षं मी लहान वस्तू करतो. एका फुटाला एक इंच हे माप. पाच फुटांचं माणूस पाच इंचांचं होणार, दीड फुटाची फुंकणी दीड इंचाची (बॉलपेनची रिकामी रिफिल त्यासाठी उत्तम!). बँकेत दिवसभर आकडे, संध्याकाळी आइसक्रीमच्या काड्या, पुठ्ठा आणि फेविकॉल. बायको याला "भातुकली" म्हणते. "पन्नाशी उलटली, आता भातुकली खेळतोय," असं तिने पाहुण्यांसमोर सांगितलं की मी हसतो. मनातून मला तो शब्द आवडतो. सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीचा एक संच बहिणीकडे होता आणि त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती, तेव्हाचं राहून गेलेलं असेल कदाचित.

तसे मोठमोठ्यांनी हे खेळ खेळलेले आहेत. टाइम मशीनवाले एच. जी. वेल्स. या गृहस्थांनी १९१३ मध्ये चक्क खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया कशा खेळाव्यात यावर पुस्तक लिहिलं, नियमांसकट. बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी निदान पुस्तक लिहिलं." असो.

तर यंदाच्या सुट्टीत मी आजोळचं स्वयंपाकघर करायला घेतलं. देवरुखजवळचं घर. लहानपणी मे महिन्यात लाल एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत तिथे पोचायचं, ते थेट पहिला पाऊस पडेपर्यंत. ते घर आता नाही. वीसेक वर्षांपूर्वी विकलं आणि घेणाऱ्यांनी ते पाडून स्लॅबचं बांधलं. त्यात त्यांची काही चूक नाही, पण झालं ते झालं. फोटो शोधायला बसलो, तर अंगणातले सापडले, ओटीवरचे सापडले, मुंजीचे तर डझनभर. स्वयंपाकघराचा एकही नाही. कोण कशाला काढील चुलीचा फोटो? रोल छत्तीसचा, तो काय फडताळावर घालवायचा?

हे लक्षात आल्यावर मी जरा इतिहासाच्या पुस्तकांत शिरलो. जे रोजचं असतं त्याची कोणीच नोंद ठेवत नाही, मग जुन्या काळातलं रोजचं आयुष्य आपल्याला कळतं कसं? आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते अशा लहान वस्तूंमुळेच कळतं.

मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या आणि त्यांची चाकं सापडली, हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय. पण त्याचा अर्थ मला आत्ता कळला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या गाड्या लाकडाच्या होत्या. त्या कुजल्या, मोडल्या, जळणात गेल्या. त्या गाड्या कशा होत्या याचा अंदाज अभ्यासक बांधतात तो बराचसा या भाजलेल्या मातीच्या खेळण्यांवरून. कुणीतरी पोरासाठी केलेली बोटभर गाडी उरली आणि धान्य वाहणारी खरी गेली.

दुसरं उदाहरण इजिप्तचं. १९२० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची मंडळी थीब्जला खणत होती. हर्बर्ट विनलॉक त्यांचे प्रमुख. मेकेत्रे नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याची कबर होती. ती पूर्वीच लुटलेली, त्यामुळे काही मिळण्याची आशा नव्हती. साफसफाई करताना एका फटीतून दगडाचे कपचे आत घरंगळले. फटीतून विजेरीचा झोत टाकला, तर आत एक छोटीशी खोली, चोरांना न सापडलेली, आणि तिच्यात चार हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं लहान जग! लाकडी, रंगवलेलं. पाव भाजणारे आणि बिअर गाळणारे लोक, धान्याचं कोठार आणि त्यात हिशोब लिहीत बसलेले कारकून (माझे पूर्वजच म्हणायचे), सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका, सुतार, खाटीक, नावाडी. मेल्यानंतरही साहेबांची सोय व्हावी म्हणून हे नोकरचाकर सोबत दिलेले. त्यांतल्या काही वस्तू आज कैरोला आहेत, काही न्यूयॉर्कला.

मला सगळ्यात गंमत वाटते ती ही. हे सगळं केलं मेकेत्रेसाठी, पण आज आपण पाहत बसतो ते पीठ मळणाऱ्या माणसाकडे. मोठमोठ्या शिलालेखांत हा माणूस नसतो. लहान करून ठेवला म्हणून राहिला.

तिसरं, ॲमस्टरडॅम. पेट्रोनेला ओर्टमन ही एका श्रीमंत रेशीम-व्यापाऱ्याची बायको. तिने १६८६ ते १७१० या काळात कपाटात बसवलेलं एक बाहुलीघर सजवलं. ते आता तिथल्या राइक्स म्युझियममध्ये आहे. मुलांसाठी नव्हतंच ते. चिनी मातीची भांडी खास चीनहून लहान मापात करवून घेतलेली. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठी खरं घर आलं असतं असं म्हणतात. म्हणजे नाद काय असतो ते बघा. (हे वाचून माझा फेविकॉलचा खर्च काढणाऱ्यांनी कृपया विचार करावा.) त्या बाहुलीघराचं त्याच काळात काढलेलं एक चित्रही आहे. त्यात घरात बाहुल्या दिसतात. आज त्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या आहेत. घर आहे, भांडी आहेत, पण माणसं नाहीत.

आणि या सगळ्यांचा कळस म्हणजे इंग्लंडच्या मेरी राणीचं बाहुलीघर. ते १९२४ मध्ये पुरं झालं आणि वेम्ब्लीच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. आज ते विंडसरला आहे. माप आपलंच, एका फुटाला एक इंच. आराखडा एडविन लच्यन्सचा. म्हणजे इकडे रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचा अवाढव्य वाडा उभा करणारा माणूस त्याच वर्षांत तिकडे टेबलावरचा राजवाडा बांधत होता. त्यात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं. पंधराशेहून जास्त कलावंत, कारागीर आणि कारखानदार त्यासाठी राबले. बघावं आणि थक्क व्हावं असं काम आहे. पण त्या घरात काही मळलेलं नाही. पोचा आलेलं पातेलं नाही.

आता परत देवरुखला.

सुरुवात उत्साहात झाली. नदीकाठच्या एका चपट्या गुळगुळीत दगडाचा पाटा झाला, लांबट खड्याचा वरवंटा. जातं शाडूचं, सव्वा इंच व्यासाचं, खुंटा टूथपिकचा. विळीचं पातं दाढीच्या ब्लेडच्या तुकड्याचं (बोट कापून झालं). मग प्रश्न आला खिडकीचा.

मला आठवत होतं की चुलीच्या मागच्या भिंतीला खिडकी होती, लाकडी गजांची, पलीकडे फणस. मामाला विचारलं. मामा म्हणाला, "होती की! पूर्वेला. सकाळचं ऊन यायचं आत." झालं, दोघांचं जुळलं. गज कापले, चौकट केली, भिंतीत बसवली. छान दिसत होतं. पांढऱ्या भिंती, उन्हाचा कवडसा, फडताळात ओळीने पितळी डबे. फोटो काढून सगळ्यांना पाठवला. वाहवा झाली. "अगदी तस्सं!" असं तीन मावसभावंडांनी आणि एका मामेबहिणीने लिहिलं.

मावशीचा फोन रात्री आला. आधी जात्याचं कौतुक केलं. मग म्हणाली, "खिडकी कुठून काढलीस तू?"

म्हटलं, मामाला पण आठवते.

"ती माजघराची. तो माजघरात जेवायचा, त्याला तीच दिसायची. स्वयंपाकघरात कधी बसलाय तो? चुलीपाशी खिडकी नव्हती रे. वर एक काचेचं कौल होतं, बस्स. त्यातून उन्हाचा पट्टा यायचा आणि त्यात नुसता धूर दिसायचा." थोडं थांबून म्हणाली, "खिडकी असती तर आईचे डोळे असे गेले असते का?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आजीला शेवटची काही वर्षं फारसं दिसत नव्हतं. ती हाताने चेहरा चाचपून ओळखायची. मी समजत होतो की वयाने झालं असेल. तिची ती पहाटेची खोकल्याची ढास मला आठवते, पण आम्हा मुलांना ती घड्याळासारखी होती. आजी खोकली की उठायचं, चहा झालेला असायचा. आता चुलीच्या धुराने डोळ्यांचं आणि छातीचं काय होतं ते सगळीकडे छापून येतं. तेव्हा ते घरातल्या घरात होतं आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. मला खिडकी आठवली कारण मीसुद्धा मामासारखाच. पोहे घ्यायला आत जायचो आणि वाटी घेऊन बाहेर पळायचो. त्या खोलीत मी कधी अर्धा तासही सलग बसलो नसेन.

त्या दिवसांत मी फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंबद्दल वाचत होतो. शिकागोच्या गडगंज घरातल्या. १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या पोलिसांत त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. त्यांनी काय करावं? बाहुलीघरं केली. त्याच एक फूट-एक इंचाच्या मापात. पण ती संशयास्पद मृत्यूंची. साधीसुधी घरं, साधी स्वयंपाकघरं, आणि त्यात मरून पडलेली माणसं, त्यांत बायका बऱ्याच. पोलिसांनी समोर बसून नीट बघायला शिकावं, यासाठी. पायमोजे म्हणे टाचणीएवढ्या सुयांवर विणलेले. यातली अठरा घरं बाल्टिमोरमध्ये अजून शिकवण्यासाठी वापरली गेली आहेत. खिडकी उघडी होती की बंद, चुलीवर काय होतं, भिंतीवर डाग कसला, यातलं एक जरी चुकवलं तरी उत्तर चुकतं. तिथे शोभेला जागा नाही.

माझ्या स्वयंपाकघरात नेमकी शोभाच होती. मी आजीचं घर करतो असं म्हणत मेरी राणीचं करत होतो.

दुसऱ्या दिवशी खिडकी काढली आणि भिंत बुजवली. छपराचं एक कौल काढून तिथे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बसवला. मग भिंती. काळा रंग देऊन बघितला, पण तो रंग दिल्यासारखाच दिसत होता. शेवटी तेलाचा दिवा लावला, त्यावर वाटी पालथी धरून काजळी धरली आणि ती बोटाने चुलीमागच्या भिंतीवर, वाशांवर, फडताळाच्या वरच्या कडेला पुसत गेलो. दोन तास लागले. बायको बाहेर आली, बघत उभी राहिली. म्हणाली, "एवढं सुंदर केलं होतंस, काळं कशाला केलंस?" सांगितलं तिला सगळं. तिने खुर्ची ओढली आणि टॉर्च धरून बसली. काचेच्या कौलातून आत झोत पडला, तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ नुसतं बघत राहिलो.

नवीन फोटो फक्त मावशीला पाठवला. या वेळी फोन लगेच आला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. "एकच कर. फुंकणी उजवीकडे ठेवली आहेस, ती डावीकडे ठेव. आई डावरी होती."

पन्नास वर्षांत मला हे माहीत नव्हतं. वाढताना उजव्या हाताने वाढायची ती, पंगतीत डावा हात चालत नसे म्हणून. चुलीपाशी, जिथे कुणी बघायला नव्हतं, तिथे डावा.

चिमट्याने रिफिलची फुंकणी उचलली आणि पलीकडे ठेवली.