‘क्रमसापेक्ष’ ही संज्ञा आणि त्रिकोणांचे बीजगणित

‘गाडीघोडा’ आणि ‘घोडागाडी’ या दोन शब्दांतील घटक तेच. क्रम पालटताच अर्थ पालटतो. भाषाभ्यासकास यात नवल नाही. गुणाकारातील क्रमाचा प्रश्न भूमितीच्या मुळाशी जाऊन पोचावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९२५ मध्ये हायझेनबर्ग, बॉर्न व जॉर्डन यांनी पुंजयामिकीत क्रमावर अवलंबून असलेला गुणाकार आणला. १९३६ पासून मरे व फॉन नॉयमन यांनी ऑपरेटरांच्या बीजगणितांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. निर्णायक पाऊल १९४३ चे. ज्यांना पुढे ‘सी-स्टार’ हे नाव पडले, अशा बीजगणितात क्रम बदलूनही गुणाकार तोच राहत असेल, तर ते एखाद्या अवकाशावरील संतत फलनांचेच बीजगणित असते, असे गेलफांड व नायमार्क यांनी दाखविले. अवकाश दृष्टीआड झाला तरी फलनांवरून तो परत मिळतो! मग क्रमनिरपेक्षतेची अटच काढली तर काय उरते, हा प्रश्न अलँ कोन यांनी १९८० पासून भूमितीचा केला.

पाथर्डी, शेवगाव व तिसगाव यांना जोडणारा त्रिकोण घ्यावा. त्यातील कोणताही बिंदू तीन भारांनी सांगता येतो. भार ऋण नसतात, त्यांची बेरीज १ असते. बिंदू, रेषाखंड, त्रिकोण व त्यांची उच्चमितीय भावंडे कडेला कड जुळवून झालेली रचना म्हणजे सिंप्लिशियल कॉम्प्लेक्स. ज्या शिरोबिंदूंचा गट रचनेत नाही, त्यांच्या भारांचा गुणाकार शून्य. बाउम-कोन अनुमानाचा विचार करताना योआखिम कुंट्स यांनी २००२ मध्ये हे भार धन ऑपरेटर मानले. बेरजेचा व शून्य गुणाकाराचा नियम ठेवला. क्रमनिरपेक्षता तेवढी सोडली.

सोडली, नाकारली नव्हे. दोनच गावे घेतली, तर दुसरा भार म्हणजे एकातून वजा केलेला पहिला. त्यांचा क्रम बदलल्याने काहीच बिघडत नाही. तिसरे गाव येऊन त्रिकोण भरला की दोन भार परस्परांपासून बरेचसे मोकळे होतात, आणि तेथे प्रथमच क्रमाला अर्थ येतो. तरीही सर्व भारांवर क्रमनिरपेक्षता पुन्हा लादली, की मूळ त्रिकोणावरील संतत फलने जशीच्या तशी हाती येतात.

म्हणून या शाखेस ‘क्रमसापेक्ष भूमिती’ म्हणणे प्रस्तुत लेखकास सदोष वाटते. ‘क्रमनिरपेक्षतेच्या अटीवाचूनची भूमिती’ हे नाव लांबट आहे, कानालाही खटकते. पण ‘क्रमसापेक्ष’ म्हटले की दोन गावांचे उदाहरणच शाखेबाहेर पडते.