स्टँडर्ड

स्टँडर्ड : इंग्रजी शब्द, मानक, प्रमाण, दर्जा. जुना अर्थ रणध्वज.

२२ ऑगस्ट ११३८ रोजी यॉर्कशायरमधील नॉर्थॲलर्टनजवळ इंग्रजांनी स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याचा पराभव केला. त्यांनी एका गाड्यावर जहाजाची डोलकाठी उभारून तिला यॉर्क, बेव्हर्ली आणि रिपनच्या संतांची निशाणे बांधली होती. त्यावरून ही लढाई ‘स्टँडर्डची लढाई’ म्हणून ओळखली जाते. समकालीन बखरकार हेक्सॅमचा रिचर्ड याने या नावाचा संबंध ‘उभे राहणे’ या क्रियेशी जोडला: जिंकू किंवा मरू अशा निर्धाराने शौर्य तिथे उभे ठाकले होते.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘एस्तांदार’वरून घेतला. काही अभ्यासक त्याचे मूळ ‘पसरणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘एक्स्तेंदेरे’मध्ये पाहतात, तर काही फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीत. दुसऱ्या मतानुसार ‘स्टँड’ आणि ‘हार्ड’ मिळून ‘खंबीर उभा’. हे मत अधिक पटते. जरीपटक्याचे मोल जाणणाऱ्या मराठी वाचकाला रणात निशाण रोवलेले राहण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

राजाचे निशाण म्हणजे राजाचा अधिकार. वजने-मापेही त्याच अधिकाराने ठरत. निशाणाचा शब्द मापांना लागला तो बहुधा या वाटेने, आणि पंधराव्या शतकापर्यंत हा अर्थ इंग्रजीत रुळला. १८६२च्या इंग्लंडमधील शिक्षणसंहितेने मुलांच्या परीक्षेसाठी सहा ‘स्टँडर्ड’ ठरवले. आपल्याकडील शाळांतही वर्गाला स्टँडर्ड म्हणू लागले. मराठीतील ‘इयत्ता’ संस्कृत ‘इयत्’, म्हणजे ‘एवढे’, यावरून आली. तीही मापाचीच भाषा.

भारतीय रेल्वेत या शब्दाचे घर लखनौच्या मानक नगरात आहे. १९३०चे सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२चे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ साली ‘रिसर्च डिझाइन्स अँड स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन’ (आरडीएसओ) ही संस्था झाली. रूळ, डबे, इंजिने, सिग्नल यांची मानके तिथे ठरतात. ‘मानक’ हा शब्द ‘मा’, म्हणजे मोजणे, या धातूपासून बनला. मान, प्रमाण, परिमाण, मात्रा हे त्याचे सगोत्र.

इंग्रजी ‘स्टँड’ मात्र संस्कृत ‘स्था’चा भाऊबंद. लॅटिन ‘स्तारे’ त्याच कुळातला. त्यावरून ‘स्टेशन’ आले. म्हणजे स्टेशन आणि स्थानक मुळात एकच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला पोहोचली, त्याचे नाव शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘श्रीस्थानक’ असे येते.