पॉइंट्स, वळकटी आणि गावकीची खोली

आमच्या ऑफिसात दोन प्रकारचे लोक आहेत. एक म्हणजे ज्यांना स्वतःचा पीएफ नंबर पाठ नाही, पण कुठल्या कार्डावर किती पॉइंट्स साठलेत ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. दुसरे, जे या पहिल्यांना "अरे, गोव्याला फुकटात कसं राहायचं ते सांग ना" म्हणून कटिंग पाजतात. अस्मादिक कुठल्या गटात मोडतात ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. :)

तर या शनिवारी म्हटलं, हे पॉइंट्सचं प्रकरण आलं कुठून ते जरा खणून बघावं.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाला तिकिटं देणं, ती वहीत चिकटवून बदल्यात काहीतरी वस्तू नेणं हे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होतं. पण आपल्याला माहीत असलेला अवतार १ मे १९८१ चा. त्या दिवशी अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैलांची योजना सुरू केली. यातला मला सर्वात आवडलेला भाग असा, की पहिले मेंबर शोधायला त्यांनी जाहिरात दिली नाही. त्यांची 'सेबर' नावाची आरक्षण प्रणाली होती, तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले आणि सुमारे १ लाख ३० हजार नेहमीचे प्रवासी हाती लागले. म्हणजे या सगळ्या उद्योगाची सुरुवात एका 'ग्रुप बाय'ने झाली म्हणा ना!

हॉटेलवाले लगेच मागोमाग आले. हॉलिडे इन आणि मॅरियट १९८३ मध्ये, हिल्टन १९८७ मध्ये. हॉटेलचं गणित सोपं आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. चादर धुण्याचा आणि साबणाचा खर्च सोडला तर ती तुम्हाला देण्यात त्यांचं फारसं काही जात नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी पाटीवरचं नाव एकाचं आणि इमारत दुसऱ्याची असते. तुम्ही पॉइंट्सवर राहिलात की नाववाला इमारतवाल्याला पैसे देतो. हॉटेल रिकामं असेल तर थोडे, जवळपास भरलेलं असेल तर बरेच जास्त. म्हणून मित्रांना मी एकच सल्ला देतो: गर्दीच्या उलट दिशेने जा. आयटीवाले आणि बँकवाले सोमवार ते गुरुवार भरतात ती हॉटेलं शनिवार-रविवारी ओस पडतात. हिंजवडीत रविवारी राहायला कोण जातंय?

पण एक लक्षात ठेवायचं. पॉइंट्स ही आपली ठेव नव्हे. खात्यावरचा आकडा आपला, पण त्याची किंमत ठरवणार कंपनी. मॅरियटने २०२२ मध्ये 'या हॉटेलला इतके पॉइंट्स' असा छापील तक्ता काढून टाकला आणि दर रोजच्या रोज हलायला लागले. आणि हा आकडा कंपनीला किती मोलाचा असतो? जून २०२० मध्ये करोनामुळे विमानं जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजनाच गहाण टाकून ५ अब्ज डॉलर्सचं कर्ज उभारायचं जाहीर केलं. लोकांच्या निष्ठेवर कर्ज! असो.

आता तुम्हाला वाटेल, हा पुढे 'हे सगळं आपल्याकडे पुराणकाळापासून होतं' म्हणणार. नाही हो, पुष्पक विमान काढत नाही. पण मेंबर होऊन स्वस्तात राहायची एक व्यवस्था मुंबईत खरंच होती, आणि मी तिच्यामुळे आज भाईंदरला बसून हे टाइप करतोय.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसं येत राहिली, पण आली ती एकटी. बायको-पोरं गावाला, शेतीला. या एकट्या गड्यांनी परळ, लालबाग, गिरगावात गावाच्या नावाने खोल्या धरल्या. कुणी त्यांना बैठकीची खोली म्हणतं, कुणी गावकीची खोली. दहा बाय बाराची जागा, आणि मेंबर वीस, तीस, कधी त्याहून जास्त. हे बसायचे कसे? गिरणी तीन पाळ्यांत चालायची. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक बाहेर. रातपाळीवाला आला की त्याची वळकटी उलगडायची, दिवसपाळीवाल्याची गुंडाळायची. प्रत्येकाची हक्काची जागा म्हणजे भिंतीला लावलेली एक ट्रंक आणि खुंटी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. आमच्या धंद्यात याला 'टाइम शेअरिंग' म्हणतात आणि त्यासाठी भलीमोठी मशीनं लागतात. यांनी ते भोंग्यावर चालवलं.

गोव्याच्या लोकांचंही असंच होतं. धोबीतलाव, माझगाव भागात त्यांचे गावागावांचे क्लब, त्यांना 'कूड' म्हणतात. जहाजावर काम करणारे, आचारी, वादक तिथे राहायचे. खलाशी महिनोन् महिने समुद्रावर असला तरी त्याची पेटी कुडीत, आणि परत आला की जागा तयार. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. धोबीतलावच्या जेर महालमधल्या कुडी तर प्रसिद्धच आहेत.

मेंबर व्हायची अट एकच: गाव. पैसे देऊन मेंबरशिप विकत घेता येत नव्हती. वर्गणी महिन्याला, आणि परवडेल इतकी, कारण भाडंच मुळात गोठलेलं. १९४७ च्या भाडे कायद्याने बहुतेक खोल्यांचं भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं होतं. नोकरी सुटली तर वर्गणी थांबायची, खोली सुटायची नाही. आणि गर्दीचा नियम इथे उलटा: गणपतीत जगातली हॉटेलं भरतात, तेव्हा आमची खोली रिकामी! सगळे गावाला.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबा १९५८ मध्ये या खोलीत आले. बाबाही कॉलेजची दोन वर्षं तिथेच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत गिरणीत गेलेच नाहीत. आजोबा गावी गेले. पुढे बाबांनी भाईंदरला वन रूम किचन घेतलं, कारण परवडेल असं तेव्हा तेच होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक असेच, परळ-लालबागहून लोकलने उत्तरेला सरकत आलेले.

खोली मात्र अजून आहे. आता तिथे गिरणीवाला कुणी नाही. केईएम (१९२६) आणि टाटा (१९४१) ही दोन्ही हॉस्पिटलं चालत जायच्या अंतरावर, त्यामुळे गावाहून उपचाराला आलेलं माणूस तिथे उतरतं. खोली नसती तर फुटपाथ.

आणि चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीमागे ५०० फुटांचं घर, हे ऐकल्यापासून आमच्या मंडळाच्या मीटिंगांना एकदम गर्दी. (आमची चाळ खाजगी आहे, तिथे इतकं मिळणार नाही, पण ऐकतो कोण!) अडचण अशी, की भाडेपावती एकाच्या नावावर असते. आमच्याकडे ती ज्यांच्या नावावर होती ते गेले. बिल्डर पावती बघतो, त्यांची मुलं पावती दाखवतात, आणि गाव वही दाखवतं. मुलांनाही सरसकट वाईट म्हणवत नाही मला. तीही नालासोपाऱ्याला भाड्याने राहतात. पण खोली एकाची कधीच नव्हती.

सेक्रेटरी काकांचा मला फोन आला, "तू कंप्युटरवाला ना रे? मग ही वही जरा कंप्युटरात घाल." म्हणून गेले तीन शनिवार मी १९५८ पासूनच्या वर्गण्या एक्सेलमध्ये भरतोय. नाव, वाडी, महिना, रुपये. कोर्टात या वहीला काय किंमत मिळेल ते वकील सांगतील. माझा अनुभव एवढाच, की माझ्या कार्डावरच्या पॉइंट्सचा हिशोब कंपनी ठेवते आणि नियम तीच बदलते. ही वही मात्र सगळ्यांसमोर वाचून दाखवली जायची, आणि संपाच्या दीड वर्षात एकाही नावापुढे 'बाद' लिहिलेलं नाही. फक्त रकाने कोरे.

गंमत म्हणजे फिनिक्स मिलच्या आवारात आता सेंट रेजिस उभं आहे, आणि ते मॅरियटच्या साखळीतलं. म्हणजे पॉइंट्स साठवले तर मला तिथे एक रात्र फुकटात काढता येईल. हिशोब करून बघितला. एका रात्रीचे पॉइंट्स जमवायला मला जेवढा खर्च कार्डावर करावा लागेल, तेवढ्यात गावच्या खोलीची कित्येक वर्षांची वर्गणी भागते.

वहीतली १९७१ ते १९७४ ची पानं वाळवीने खाल्ली आहेत. त्या चार वर्षांत आलेल्यांचं काय करायचं यावर पुढची मीटिंग शिमग्यानंतर. तोवर खोलीत वरच्या वाडीतलं एक जोडपं आहे, काकांची टाटाला केमो चालू आहे. पूर्वी त्या खोलीत बाईमाणसाला राहायला परवानगी नव्हती. आता काकी तिथेच स्टोव्हवर पेज करतात. काकांचं नाव वहीत नाही. त्यांच्या वडिलांचं आहे, १९६२ पासून, महिना दोन रुपये.