शिखर शिंगणापूरची कावड यात्रा

शिखर शिंगणापूरची कावड यात्रा ही महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात चैत्र महिन्यात भरणारी यात्रा आहे. दूरदूरच्या गावांतील भाविक नदीचे पाणी कावडीतून पायी आणून शिंगणापूरच्या शंभू महादेवाला अभिषेक करतात. हे दैवत भोसले घराण्यासह महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे कुलदैवत आहे.

कावड

लांब दांड्याच्या दोन्ही टोकांना पाण्याने भरलेली भांडी बांधून ती खांद्यावर वाहण्याच्या साधनास कावड म्हणतात. यात्रेतील मानाच्या कावडी मोठ्या व जड असल्याने त्या अनेकांना आळीपाळीने खांदा देऊन न्याव्या लागतात.

यात्रेचा क्रम

चैत्र शुद्ध अष्टमीला शिव-पार्वतीचा विवाहसोहळा होतो. शंभू महादेव मंदिराच्या शिखरापासून बळी महादेव मंदिराच्या शिखरापर्यंत लांब ध्वज बांधला जातो. त्यानंतर द्वादशीला कावडींचा मुख्य सोहळा होतो.

सासवड परिसरातून येणारी तेल्या भुत्याची कावड ही यांतील सर्वांत प्रसिद्ध मानाची कावड होय. संत भुतोजी तेली यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातून कऱ्हा नदीचे पाणी नेले जाते. कऱ्हा पुरंदर व बारामती तालुक्यांतून वाहत जाऊन नीरा नदीस मिळते.

मुंगी घाट

डोंगराच्या उभ्या, खडकाळ चढणीला मुंगी घाट म्हणतात. मंदिराकडे जाण्यासाठी सोपा रस्ता असला तरी परंपरेनुसार कावडी याच घाटाने वर चढवल्या जातात. अरुंद जागी एका माणसाला कावड पेलता येत नाही. त्यामुळे भाविक मानवी साखळी करून ती हातोहात वर सरकवतात. या वेळी ‘हर हर महादेव’ आणि ‘म्हाद्या धाव’ असा पुकारा होतो. वर पोहोचल्यावर कावडीतील पाण्याने अभिषेक केला जातो.

पाण्याचे महत्त्व

माण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथे वारंवार दुष्काळ पडतो. डोंगरमाथ्यावर पाण्याची टंचाई असल्याने मालोजीराजे भोसले यांनी येथे तलाव बांधला. यात्रा ऐन उन्हाळ्यात येते, त्यामुळे नदीचे पाणी वाहून नेण्यास येथे धार्मिक अर्थाबरोबरच दुर्मीळ वस्तू देवास अर्पण करण्याचाही अर्थ प्राप्त होतो.

इतर कावड परंपरा

अकोला येथे श्रावणातील शेवटच्या सोमवारी भाविक गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे पाणी आणून राजराजेश्वरास अभिषेक करतात. उत्तर भारतात हरिद्वार येथून गंगाजल नेणारी कावड यात्राही श्रावणातच होते. मात्र तेथील महिने पौर्णिमान्त असल्याने तिचा मुख्य काळ महाराष्ट्राच्या पंचांगानुसार आषाढ वद्य पक्षात येतो. मराठी संतचरित्रांत संत एकनाथांची कथा प्रसिद्ध आहे: रामेश्वरासाठी आणलेले कावडीतील गंगाजल त्यांनी तहानेने व्याकूळ झालेल्या गाढवाला पाजले.

हेही पाहा

शिखर शिंगणापूर, कऱ्हा नदी, सासवड, राजराजेश्वर मंदिर (अकोला)