श्रम, व्यायाम आणि मनाची उभारी

“दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला व्यायाम हवा कशाला?” असा प्रश्न कामगारांच्या सभांतून आम्हांला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमांत शरीर पोटाच्या हुकमाने राबते. व्यायामात ते आपल्या मर्जीने चालते. मनाला उभारी येते ती बहुधा या मर्जीमुळेच.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहा. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साच्यावर उभा असलेला कामगार तालमीत जाणार केव्हा? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवारची सुटी मिळविली. पुढे कायद्याने गिरणीतला दिवस १९११ साली १२ तासांवर, १९२२ साली ११ तासांवर आणि १९३४ साली १० तासांवर आणला. १९४८ च्या कायद्यात आठवडा ४८ तासांचा होता. लालबाग-परळच्या चाळींतला तरुण संध्याकाळी व्यायामशाळेची पायरी चढू शकला, तो या सोडवून घेतलेल्या तासांच्या बळावर.

१९९९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या १५६ माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना औषध दिले, काहींना आठवड्यातून तीनदा भरभर चालायला वा धावायला लावले, काहींना दोन्ही. औषधाचा गुण लवकर आला. पण १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच होती. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र पडताळले गेले, तेव्हा फावल्या वेळच्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशी चांगला संबंध आढळला; कामावरच्या श्रमांचा तसा आढळला नाही. अर्थात विकार बळावला असेल तर डॉक्टर हवाच.

आता आपल्या जासईकडे वळू. १९७० नंतर या पट्ट्यातील भातशेती नव्या मुंबईसाठी संपादित होऊ लागली. याच गावच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. जमिनीचा मोबदला ठरला. परंतु कापणीनंतर ज्या मोकळ्या शेतात पोरे हुतूतू खेळत, त्या जागेचा हिशेब कोणी मांडला? आज शेतकऱ्याचा नातू कंटेनरच्या गाडीवर वा पहाऱ्याच्या चौकीत बसून असतो. अंग आखडते, मनही आखडते.

म्हणून आमचे सांगणे असे की, मागणीपत्रात पगाराच्या शेजारी दोन कलमे असावीत : जादा पाळीने न गिळलेला एक तास आणि गावाच्या नावावर एक मैदान. तास मिळविण्याचा रस्ता लोखंड्यांनी दाखविला, जमिनीसाठी उभे राहण्याचा दि. बां.नी. त्यांच्या मागून चालणे आपल्या हाती आहे.