पहारेकऱ्यांवर नजर कोणाची?

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) म्हटले की आपल्याला चांदबिबीचा किल्ला आठवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मात्र हे नाव जर्मनीतल्या अनेक घरांत काळजीने घेतले जात होते. १९१४ साली युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन व्यापाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना पकडून इथल्या छावणीत ठेवले. यांतले पुष्कळजण सैनिक नव्हतेच. १९०७ च्या हेग करारात युद्धकैद्यांसाठी नियम होते; अशा साध्या नागरिकांसाठी जवळजवळ काहीच नव्हते.

कैद्यांची पत्रे सेन्सॉर वाचत असे. ही झाली पाळत. पण आणखी एक नजर होती. जिनिव्हात रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९१४ मध्येच एक कचेरी उघडली. सरकारांकडून कैद्यांच्या याद्या मिळवायच्या, प्रत्येक नावाचे कार्ड करायचे आणि घरच्यांच्या चौकशीशी ते जुळवायचे, हे तिचे काम. संगणक नसताना अशी सुमारे ७० लाख कार्डे झाली! (चाळीस मुलांची यादी वर्णानुक्रमे लावताना आपली काय तारांबळ उडते, ते आठवावे.) ज्याची नोंद बाहेर पोचली आहे, तो माणूस गुपचूप नाहीसा करणे अवघड असते.

१९१७ साली समितीचे स्विस प्रतिनिधी हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहायला आले. अहमदनगरलाही ते गेले आणि त्यांनी आपला अहवाल छापला. सरकारने त्यांना आत येऊ का दिले? जर्मनीच्या ताब्यातही ब्रिटिश कैदी होते. इथे हयगय झाली तर तिथे सूड उगवला जाईल, ही धास्ती होती. आमच्या मते दयाबुद्धीपेक्षा ही धास्तीच अधिक कामी आली. १९२९ च्या जिनिव्हा कराराने अशा भेटींना कायद्याचा आधार दिला, पण युद्धकैद्यांपुरताच.

९ ऑगस्ट १९४२ रोजी नेहरू, पटेल, आझाद आदी नेत्यांना पकडले आणि अहमदनगरच्याच किल्ल्यात ठेवले. खटला नाही, मुदत नाही, आणि सुरुवातीला ठिकाणही गुप्त. हे ब्रिटिश सरकारचेच प्रजाजन, त्यामुळे युद्धकैद्यांचा करार त्यांना लागू नव्हता. त्यांच्या बदल्यात कोणाच्या ताब्यात ब्रिटिश कैदीही नव्हते. किल्ल्यात बसून मौलाना आझादांनी एका स्नेह्याला लिहिलेली पत्रे टपालात पडलीच नाहीत. १९४६ साली ती पुस्तकरूपाने आली.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी परदेशी नागरिक-कैद्यांना संरक्षण दिले. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात मात्र रेडक्रॉस समितीला फक्त मदत देऊ करता येते. ती घ्यायची की नाही, हे त्या देशाचे सरकारच ठरवते.